दूरदृष्टीचा भत्ता

त्याला सगळे दुर्बीण म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते कुणाला आठवत नव्हतं, का ठेवलं ते मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. किनाऱ्यावर पाळत ठेवणाऱ्या खात्याच्या विमानात तो निरीक्षक होता. दोन इंजिनांच्या त्या जुन्या विमानात डाव्या बाजूला गाल फुगवल्यासारखी बाहेर आलेली एक खिडकी होती. तिच्यात डोकं घालून चार-साडेचार तास खाली समुद्र बघत राहायचं, हे त्याचं काम. होडी दिसली, जहाज दिसलं, तेलाचा तवंग दिसला, की तोंडाने सांगायचं. मागे बसलेला जोडीदार ते वहीत उतरवून घेई. हा जोडीदार अंगाने काटकुळा आणि कागदाला कागद टाचून ठेवायची भारी हौस असलेला, म्हणून त्याचं नाव टाचणी.

इतरांना जिथे नुसता पांढरा ठिपका दिसे, तिथे दुर्बिणीला होडीचं नाव दिसे, डेकवर वाळत घातलेले कपडे दिसत.

"तीन माणसं. एक झोपलाय. दोरीवरचा दुसरा सदरा खांद्यात उसवलाय."

"सदरा लिहू का?" टाचणी विचारी.

"तुझी मर्जी."

टाचणी लिही. खात्याच्या नोंदवह्यांत असे कितीतरी उसवलेले सदरे आजही सुखाने पडून असतील.

आता पगाराचं बोलायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. निरीक्षकाचा मूळ पगार म्हणजे नुसता हाडांचा सापळा. त्यावर मांस होतं ते उड्डाणभत्त्याचं. हा भत्ता तासावर मिळे, आणि तास कसा मोजायचा हे ठरवणारा माणूस जन्मात कधी विमानात बसला नसावा. चाक जमिनीवरून सुटलं की भत्ता सुरू, चाक जमिनीला टेकलं की बंद. धुकं हटण्याची वाट बघत धावपट्टीवर घामाघूम होऊन दोन तास बसलात तर ती तुमची हौस. पाचशे फुटांच्या खाली उडालात तर जोखमीचे जादा पैसे मिळत, पण ते पाचशेच्या खाली गेलेल्या मिनिटांचेच, आणि त्या मिनिटांवर वैमानिकाची सही लागे. वैमानिकांचा भत्ता वेगळा आणि मोठा असल्यामुळे त्यांना सह्यांची घाई कधीच नसे. बुडत्या माणसाचा ठावठिकाणा लावला तर शोधभत्ता होता. त्याच्या अर्जावर वाचलेल्या माणसाची पोच जोडावी लागे. एका मच्छीमाराने किनाऱ्याला लागल्यावर सगळ्यांना मिठ्या मारल्या, रडला, पाया पडला, पण सही म्हणताच हात आखडता घेतला. कागदावर सही करून आयुष्यात एकदाच फसलो होतो, म्हणाला. तो अर्ज 'पोच नाही' असा शेरा घेऊन परत आला.

तरीही भत्ता भत्ताच होता. दुर्बिणीच्या घराचे हप्ते त्यावर चालत, मुलीचं वसतिगृह त्यावर चाले.

चव्वेचाळिसाव्या वर्षी पगारपत्रकावरची अक्षरं त्याला मुंग्यांसारखी दिसायला लागली. तो तडक पगार विभागात गेला.

"अहो, यंत्रात शाई भरा की जरा. काय छापता तुम्ही!"

"शाई कालच भरली," कारकून म्हणाला आणि त्याने तेच पत्रक घडाघडा वाचून दाखवलं.

दुर्बिणीच्या लक्षात काय ते आलं. त्याने पत्रकाची घडी करून खिशात घातली आणि शाईचा विषय पुन्हा काढला नाही. चाळिशी लागली होती, त्यात जगावेगळं काही नव्हतं. त्याच्या धंद्यात मात्र ते जगावेगळं होतं. नोकरीला लागताना हातात पडलेल्या नियमपुस्तिकेत 'निरीक्षकाची दृष्टी चष्म्याविना निर्दोष असावी' असं वाक्य होतं, ते त्याला तोंडपाठ होतं. चष्मा लागला म्हणजे विमान सुटलं. विमान सुटलं म्हणजे मांस गेलं आणि सापळा उरला.

त्याने ही गोष्ट फक्त बायकोला सांगितली. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. शाळेची पुस्तकं, सरकारी अहवाल, गाड्यांची वेळापत्रकं, जे येईल ते. गेल्या बावीस वर्षांत तिच्या हातून स्वल्पविराम सुटलेला कुणी पाहिला नव्हता. औषधाच्या बाटलीवरची चूकही ती पेनाने दुरुस्त करून मगच औषध घेई.

"एवढंच ना?" ती म्हणाली. "मी वाचत जाईन. तुम्ही लांबचं बघा, जवळचं मी बघते."

तसंच चाललं. विमानात लिहायला टाचणी होता, घरी वाचायला बायको. दरवर्षीच्या तपासणीला डॉक्टर भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगत, दुर्बीण शेवटच्या ओळीनंतर तक्ता छापणाऱ्याचा पत्ताही वाचून दाखवी. डॉक्टर हसून शिक्का मारत. जवळचं काही वाचायला त्यांनी कधी दिलंच नाही, आणि हे आपलं नशीब म्हणून दुर्बीण दरवर्षी सुटकेचा श्वास सोडे.

असं तीनेक वर्षं निभावलं. मग एकदा बायको बहिणीच्या आजारपणासाठी आठवडाभर गावाला गेली, आणि नेमका त्याच आठवड्यात एक फॉर्म आला. टाचणीने तो समोर ठेवला, पेन्सिलीने फुली मारलेली जागा दाखवली.

"इथे सही. वर दोनपैकी एका चौकटीत खूण. आज शेवटचा दिवस."

कशाचा फॉर्म म्हणून विचारावं, तर तो समोरच धरलेला. दुर्बिणीला वाटलं, नवे बूट येणार होते, चामडी की रबरी असं काहीतरी असणार. त्याने हाताला लागली त्या चौकटीत खूण केली आणि झोकात सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टेबलावर हलकल्लोळ. खात्याने निरीक्षकांना विकल्प दिला होता: भत्ता तासावर घ्यायचा, की दरमहा चाळीस तासांचा ठोक. महिन्याला सरासरी पंचावन्न-साठ तास उड्डाण व्हायचं, त्यामुळे एकोणीस निरीक्षकांपैकी अठरा जणांनी डोळे झाकून तासाची चौकट निवडली. डोळे उघडे ठेवून ठोक भत्ता घेणारा एकटा दुर्बीण.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? महिन्याचे पंधरा-वीस तास फुकट उडणार तू!" टाचणी म्हणाला.

ते बूट नव्हते, हे दुर्बिणीला आता कळलं. पण 'वाचता आलं नाही' असं सांगणार कोणत्या तोंडाने? त्याने चहाचा घोट घेतला आणि खिडकीतून लांब कुठेतरी बघत म्हणाला, "विचार करूनच केलंय."

त्या दिवसापासून तीन महिने त्याची यथेच्छ टिंगल झाली. चौथ्या महिन्यात विमानाच्या पंखाच्या सांध्यात भेग सापडली. एका विमानात सापडली म्हणून दुसरं तपासलं, दुसऱ्यात सापडली म्हणून सगळी जमिनीवर बसवली. आज उडतील, उद्या उडतील म्हणता म्हणता विमानं नऊ महिने हँगरमध्ये धूळ खात पडली. चाकच सुटेना, तर भत्ता कुठला सुटणार? अठरा घरं सापळ्यावर आली. कुणी मोटरसायकल विकली, कुणी मेव्हण्याच्या दुकानात संध्याकाळी वजनकाट्यावर उभा राहिला. दुर्बिणीला दर महिन्याला जमिनीवर बसून चाळीस तास उडल्याचे पैसे येत राहिले.

टिंगल करणाऱ्यांचे सूर बदलले. पंखाचं याला आधीच कळलं होतं, असं एक म्हणे. नुसत्या आवाजावरून कळलं असणार, असं दुसरा म्हणे. एवढी दूरदृष्टी असलेला माणूस आपल्यात असून आपण त्याला वेड्यात काढलं, म्हणून टाचणीला तर खरोखर वाईट वाटलं. त्याने एक दिवस दुर्बिणीची रीतसर माफी मागितली.

दुर्बिणीने घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती हसून हसून टेबलावर डोकं टेकून बसली. "बूट!" एवढंच तिच्या तोंडून निघे.

निरीक्षक संघाच्या निवडणुकीत दुर्बीण बिनविरोध अध्यक्ष झाला. आता तर कागदांचा पाऊसच. परिपत्रकं, मसुदे, खुलासे. कुणीही कागद आणला की तो म्हणे, "ठेवून जा. घरी शांतपणे बघतो." दुसऱ्या दिवशी तो कागद समासात बारीक पेन्सिलीच्या टिपा घेऊन परत येई. बायको सवयीने शुद्धलेखनही दुरुस्त करी. खात्याच्या एका परिपत्रकात तिला चौदा चुका सापडल्या, त्यांतल्या दोन अर्थ फिरवणाऱ्या होत्या. ते परिपत्रक संघाच्या पत्राबरोबर जसंच्या तसं परत गेलं, आणि पगार विभागात त्या दिवशी कुणी जेवलं नाही असं म्हणतात. दुर्बिणीचा दरारा वाढला. त्याला काहीही विचारलं की तो लांब बघत गप्प बसे, कारण त्याला उत्तर माहीत नसे. लोक त्या गप्प बसण्याचाही अर्थ काढत.

विमानांचे पंख दुरुस्त झाले, उड्डाणं सुरू झाली आणि भत्त्यांचा नवा करार करायची वेळ आली. उपसंचालकांच्या खोलीत लांबलचक टेबल होतं. एका टोकाला उपसंचालक आणि त्यांची फाईल, दुसऱ्या टोकाला दुर्बीण आणि टाचणी.

"परिस्थिती तुम्ही जाणताच," उपसंचालक म्हणाले. "बारा टक्के वाढ देता येईल. माझा हात याच्यापुढे जात नाही."

दुर्बिणीच्या पुढ्यातही एक तक्ता ठेवला होता, पण तो त्याच्यासाठी मुंग्यांचं वारूळ. म्हणून तो आपला नेहमीसारखा लांब बघत होता. लांब होती उपसंचालकांची उघडी फाईल. तिच्यावर अर्थविभागाची एक चिठ्ठी टाचलेली होती. अक्षरं उलटी होती, पण वरून उडताना निम्म्या होड्यांची नावं उलटीच दिसतात, त्यामुळे पंचवीस वर्षांत दुर्बिणीला सुलटं-उलटं सारखंच झालं होतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'फार ताणल्यास ३२ पर्यंत जावे.'

"बत्तीस," दुर्बीण म्हणाला.

टाचणीने त्याच्याकडे दचकून पाहिलं. घरून ठरवून आले होते ते वीस.

"बत्तीस कसे शक्य आहेत?" उपसंचालकांचा आवाज थोडा चिरकला. "अठरा म्हणा."

"बत्तीस. एकतीस नको, तेहतीसही नको."

उपसंचालकांनी फाईल मिटली, पुन्हा उघडली, दुर्बिणीकडे बघितलं. तो त्यांच्या डोक्यावरून पलीकडे, खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत होता. अर्ध्या तासात बत्तीसवर शिक्कामोर्तब झालं.

बाहेर आल्यावर टाचणीने विचारलं, "बत्तीस आणलेस कुठून?"

"समोरच होते," दुर्बीण म्हणाला. हे अक्षरशः खरं होतं, आणि टाचणीने त्याचाही गूढ अर्थ काढून घेतला.

कराराचा मसुदा चव्वेचाळीस पानांचा आला. सोमवारी सह्या. शनिवारी दुपारी बायको टेबलाशी बसली, दुर्बीण पलंगावर आडवा झाला, आणि तिने कलम एकपासून वाचायला सुरुवात केली. रविवारी दुपारी सत्तावीस कलमं झाली. ती उठली, पाणी प्यायली, खुर्ची खिडकीजवळ ओढून घेतली.

"कलम एकोणतीस," तिने पुढे सुरू केलं. "गणवेश धुलाईभत्ता."

दुर्बिणीचे डोळे मिटलेले होते. धुलाईभत्ता वाढला हे ऐकून तो मनात खूश झाला.

सोमवारी त्याने सही केली. मागोमाग अठरा जणांनी केल्या. कुणीही मसुद्याचं पान उलटलं नाही. "दुर्बिणीने वाचलंय ना? मग आपण काय त्याच्याहून शहाणे?" असं म्हणत प्रत्येकाने पेन पुढच्याकडे दिलं.

दोन महिन्यांनी बोलावणं आलं: पंचेचाळिशीच्या वरच्या सगळ्या निरीक्षकांनी जवळच्या दृष्टीच्या तपासणीसाठी हजर राहावं. असे चौघे होते. डॉक्टरांनी दुर्बिणीच्या हातात एक छापील कार्ड दिलं. त्याने ते हातभर लांब धरलं, मग खांदाही ताणला. कार्ड डॉक्टरांच्या नाकाशी गेलं.

"राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "किती वर्षं झाली?"

"पाच."

"आणि चष्मा का नाही केलात?"

दुर्बिणीने नियमपुस्तिकेतलं वाक्य म्हणून दाखवलं. डॉक्टर हसायला लागले. "अहो, तो नियम लांबच्या नजरेचा होता. तिथेच खाली तळटीप आहे, बारीक टायपात. वाचायचा चष्मा खिशात ठेवून खुशाल उडता आलं असतं तुम्हाला. आता मात्र नाही. नव्या करारात स्पष्ट आहे, जवळची नजर कमी झाली तर विमान बंद. तुम्हीच केलाय ना तो करार?"

बाहेरच्या बाकावर बसलेल्या उरलेल्या तिघांपैकी दोघांनी हे ऐकलं आणि आपापल्या मोज्यात, पाकिटात सात-आठ वर्षं दडवलेले चष्मे मुकाट बाहेर काढले.

तीन जण जमिनीवर आले. दुर्बिणीला तिसऱ्या मजल्यावरच्या नकाशाखोलीत टेबल मिळालं आणि दोन वर्षांपुरता अर्धा भत्ता. चौकातल्या दुकानातून चष्मा आला. तो लावून त्याने ऑफिसात पहिल्यांदा काय वाचलं असेल, तर स्वतःच्या सहीचा करार. पान एकतीस, कलम अठ्ठावीस. सत्तावीस आणि एकोणतीस यांच्या मधोमध, ठसठशीत सात ओळी.

छापखान्यात स्वल्पविराम न सोडणाऱ्या बाईच्या हातून सात ओळी सुटत नाहीत, हे कळायला दूरदृष्टी लागत नाही.

संध्याकाळी तो घरी आला. चष्मा नाकावरच होता. त्याने करार टेबलावर ठेवला, अठ्ठावीसवर बोट ठेवलं.

"हे वाचलं नव्हतंस?"

"वाचलं होतं," ती म्हणाली. "मोठ्याने नव्हतं वाचलं."

"का?"

ती भाजी निवडत होती. तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"पंखांच्या भेगांचा तपासणी अहवाल आमच्याकडे छापायला आला होता. मागे कोष्टक होतं. विमानाचा क्रमांक, भेगेची लांबी. तुमच्या विमानाची सगळ्यांत मोठी होती. मला वाटलं, आकडा चुकला असेल, दशांशचिन्ह सरकलं असेल. मूळ प्रतीशी तीनदा ताडून पाहिला."

"मग?"

"आकडा बरोबर होता."

दुर्बिणीने करार मिटला. ती भेग पोटात घेऊन किती तास उडलो असू, हे त्याच्या मनात आलं, आणि त्या तासांचा दरही लगेच मनात आला, याची त्याला लाज वाटली.

"मला सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"सांगून तुम्ही उतरला असता?"

याचं उत्तर दोघांनाही माहीत होतं, आणि तेच त्याला जास्त झोंबलं. पंचवीस वर्षं ज्या खिडकीत बसून पोट भरलं, ती खिडकी घरातल्या माणसाने, न विचारता, पाणी प्यायला उठण्याच्या निमित्ताने बंद केली होती. वर त्या माणसाचं चुकलं असंही धड म्हणता येत नव्हतं. त्याने अबोला धरला. ताटावर बसला की चष्मा काढून ठेवी, म्हणजे ती नीट दिसायला नको.

नकाशाखोलीत दिवस जाता जात नसे. वरून विमानांचे निरोप येत, तो ते नकाशावर खुणांनी मांडी. सगळ्या विमानांतून येणारे निरोप आता एकाच छापाचे होते: 'लहान होडी, एक. नाव वाचता येत नाही.' टाचणीच्या वहीत सदरे येणं बंद झालं. संघाची माणसं अजून येत. अठ्ठाविसावं कलम अध्यक्षाने स्वतःच्या पोटावर पाय देऊन का मान्य केलं, याचा त्यांनी आपापसात निकाल लावला होता: बाकीच्यांचे बत्तीस टक्के वाचवायला. एकाने तर डोळ्यांत पाणी आणून त्याचे हात धरले. दुर्बिणीने हात सोडवून घेतले आणि जिना उतरून खाली चहा प्यायला गेला.

अबोल्याच्या पाचव्या दिवशी सुट्टी होती. बायकोने घरी मुद्रितांचा गठ्ठा आणला होता, तिसरीचं भूगोलाचं पुस्तक. तिला एकीकडे मुलीला फोन करायचा होता, दूध उतू चाललं होतं. दुर्बीण समोर रिकामा बसला होता. तिने वरची दहा पानं त्याच्या पुढ्यात सरकवली.

त्याने चष्मा लावला. मूळ प्रत डाव्या हाताला, मुद्रित उजव्या हाताला. बोट ओळीवर ठेवून तो वाचत गेला. नद्या झाल्या, डोंगर झाले. समुद्राच्या धड्यापाशी त्याचं बोट थांबलं. तो तीनदा मागे-पुढे झाला. मग पाच दिवसांत पहिल्यांदा बोलला.

"इथे एक ओळ सुटलीय."

"शक्यच नाही," दुधाचं भांडं फडक्याने धरून ती तशीच आली. "हे पान मी कालच पाहिलंय. कुठे?"

त्याने दाखवलं. ती वाकून बघत राहिली. मग भांडं खाली ठेवून तिने त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि समासात ती ओळ लिहिली.

"ही खरंच चुकून सुटली हं," ती म्हणाली.

"बघू पुढचं," दुर्बीण म्हणाला आणि त्याने पान उलटलं.

महिनाभराने छापखान्याने त्याला सुट्टीच्या दिवसांपुरतं काम दिलं. पानावर पैसे होते. भत्ता नव्हता.